'आईस'चा निधी तोडायचा म्हणजे नेमकं काय तोडायचं?

जानेवारी 2026 मध्ये मिशिगनचे खासदार श्री ठाणेदार यांनी 'आईस' (इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट) ही कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना पकडून परत पाठवणारी अमेरिकी यंत्रणाच बरखास्त करावी, असं विधेयक पुढे आणलं. ठाणेदार बेळगावचे, त्यामुळे अमेरिकेतल्या मराठी घरांत आणि भारतातल्या नातेवाइकांत त्या बातमीची बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत एक गोंधळ सतत दिसत होता. व्हिसा, ग्रीन कार्ड, विमानतळावरची तपासणी, सीमेवरची भिंत आणि आईस हे सगळं एकच खातं आहे, असं अनेकांनी धरून ठेवलं होतं. म्हणून एकाला वाटत होतं, आईसचे पैसे थांबले तर मुलीचं एच-वन रखडेल. दुसऱ्याला वाटत होतं, काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पैसे अडवले की उद्या सकाळपासून धरपकड बंद. यातलं एकही खरं नाही. पैशाची वाट समजून घेतल्याशिवाय 'आईसचा निधी थांबवा' या मागणीला पाठिंबा देता येत नाही आणि विरोधही करता येत नाही.

आधी खाती वेगळी करू. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेने होमलँड सिक्युरिटी नावाचं नवं खातं उभारलं आणि जुन्या इमिग्रेशन खात्याचे तुकडे करून 2003 मध्ये त्यात आणले. त्यातला एक तुकडा म्हणजे आईस. देशाच्या आत राहणाऱ्या, कागदपत्रं नसलेल्या किंवा मुदत संपलेल्या लोकांना पकडणं, कोंडून ठेवणं आणि परत पाठवणं हे त्यांच्या एका शाखेचं काम. दुसरी शाखा तस्करी, मानवी व्यापार अशा गुन्ह्यांचा तपास करते. सीमेवर आणि विमानतळावर जे गणवेशातले अधिकारी दिसतात, ते सीबीपी या सीमा-तपासणी यंत्रणेचे. एच-वन, ग्रीन कार्ड, नागरिकत्वाचे अर्ज पाहते ती यूएससीआयएस, आणि तिचा जवळपास सगळा खर्च अर्जदारांनी भरलेल्या शुल्कातून निघतो. आईसच्या तरतुदीत उद्या निम्मी कपात झाली तरी त्या अर्जांचे पैसे हलत नाहीत.

विद्यार्थ्यांचं मात्र थोडं वेगळं आहे. पुण्याहून किंवा नागपूरहून एमएस करायला जाणारा प्रत्येक मुलगा सेव्हिस नावाच्या नोंदवहीत असतो आणि ती नोंदवही आईसच्या हातात आहे. तिचा खर्च मुलांनी भरलेल्या 350 डॉलरच्या शुल्कातून चालतो. एप्रिल 2025 मध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या, न्यायालयात दावे गेले आणि मग बऱ्याच नोंदी परत सुरू कराव्या लागल्या. ज्यांनी ते दिवस काढले, त्यांना आईस हे फक्त सीमा ओलांडून आलेल्यांचं प्रकरण आहे, असं पुन्हा वाटणार नाही.

आता मुख्य खर्चाकडे. आईसच्या बजेटचं एकक आहे बेड. रुग्णालयात जसे बेड मोजतात, तसंच इथे डिटेन्शन सेंटरमधल्या जागा मोजतात. 2024 च्या आर्थिक वर्षात काँग्रेसने 41,500 बेडचे पैसे दिले होते. या जागांत ठेवलेली माणसं कायद्याच्या भाषेत शिक्षा भोगत नसतात. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणं हा तिथे दिवाणी स्वरूपाचा भंग आहे, फौजदारी गुन्हा नाही. ही कोठडी केवळ सुनावणी होईपर्यंत किंवा परत पाठवेपर्यंत माणूस हाताशी राहावा म्हणून असते. पण दिवाणी असल्यामुळेच सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. परवडत असेल तर स्वतः वकील करायचा, नाहीतर न्यायाधीशासमोर एकट्याने उभं राहायचं, इंग्रजी येवो वा न येवो. 2025 च्या सुरुवातीला आईसच्या कोठडीत 40 हजारांच्या आसपास माणसं होती. वर्षअखेरीस हा आकडा 65 हजारांच्या पुढे गेला आणि त्यातल्या बहुसंख्यांवर कुठलाही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. त्याच वर्षात 30 हून अधिक माणसं या कोठडीत दगावली, दोन दशकांतला सर्वांत वाईट आकडा.

इतके बेड लागतात हे ठरतं कसं? आधी गरज मोजली जाते आणि मग पैसे दिले जातात, असं आपल्याला वाटेल. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं झालेलं आहे. 2009 मध्ये सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या पुढाकाराने वार्षिक निधीच्या कायद्यात एक ओळ घुसली: आईसने किमान 33,400 बेडची पातळी राखावी. पुढे तो आकडा 34,000 झाला. देशात येणाऱ्यांची संख्या कमी होवो की जास्त, तेवढे बेड राखायचेच. ही ओळ 2017 च्या कायद्यातून गेली, पण तिने लावलेली सवय राहिली. बेड असले की ते भरतात. जो माणूस जामिनावर किंवा नुसत्या हजेरीवर घरी राहू शकला असता, तोही आत जातो, कारण जागा आहे आणि तिचे पैसे आधीच भरलेले आहेत. मला या सगळ्या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट. निधी कमी करण्याच्या मागणीचा खरा आधार इथे आहे.

आणि पैसे खरोखरच आधी भरलेले असतात. आईसची स्वतःची सेंटरं फार थोडी. बहुतांश माणसं जिओ ग्रुप आणि कोअरसिव्हिक यांसारख्या खासगी कंपन्यांच्या इमारतींत किंवा काउंटीच्या (साधारण आपल्या जिल्ह्याच्या) तुरुंगांत असतात. अनेक करारांत 'किमान हमी' असते: इतक्या बेडचं भाडं द्यायचंच, माणूस असो वा नसो. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे साधारण आपल्या कॅगसारख्या संस्थेने, हे तपासलं. कोविडमुळे मे 2020 मध्ये कोठड्या रिकाम्या झाल्या होत्या. त्या एका महिन्यात आईसने रोज सरासरी 12 हजारांहून जास्त रिकाम्या बेडसाठी 2 कोटी 5 लाख डॉलर मोजले. एरवी रिकाम्या बेडवर हा पैसा जाऊ नये म्हणून ते भरण्याकडेच यंत्रणेचा कल राहणार, यात नवल नाही.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाला हे बघायला लांब जायला नको. एडिसनहून गाडीने निघालं की नेवार्कच्या डोरेमस अव्हेन्यूला यायला साधारण अर्धा तास लागतो. रस्त्यावर ट्रकची वर्दळ, गोदामं, बाजूला काउंटीचा तुरुंग आणि त्याच्या जवळ डिलेनी हॉल. ही जिओ ग्रुपची इमारत. 2025 मध्ये ती सुमारे 1,000 बेडसाठी पुन्हा उघडली. करार 15 वर्षांचा, किंमत अंदाजे 1 अब्ज डॉलर. भेटीच्या दिवशी आतल्यांच्या बायका, आया, लहान मुलं बाहेर रस्त्यावर ताटकळत असतात. मे 2025 मध्ये नेवार्कचे महापौर रास बराका यांना याच दारात अटक झाली. तो खटला नंतर मागे घेतला गेला. जून 2025 मध्ये आत जेवणावरून असंतोष उसळला आणि चार जण भिंत फोडून निसटले. यातली 15 वर्षं लक्षात ठेवा. अध्यक्ष चार वर्षांनी बदलेल, काँग्रेस दोन वर्षांनी बदलेल. भाड्याचा करार त्या सगळ्यांना पुरून उरणारा आहे.

वार्षिक निधी आणि बाजूला ठेवलेली रक्कम

अमेरिकेच्या संविधानात स्पष्ट लिहिलं आहे, कायद्याने तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही. त्यामुळे दर वर्षी 1 ऑक्टोबरच्या आत काँग्रेसने खात्यांचा निधी मंजूर करायचा असतो. वेळेत झालं नाही तर आपल्या लेखानुदानासारखी तात्पुरती सोय, आणि तीही नाही झाली तर शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाज बंद. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, हे विधेयक पुढे न्यायला 100 पैकी 60 मतं लागतात, म्हणजे अल्पमतातल्या पक्षाच्याही हातात थोडी नाडी असते. वर्षानुवर्षं आईसच्या निधीची ओढाताण इथेच व्हायची.

2019 चं उदाहरण घ्या. 35 दिवसांच्या शटडाउननंतर वाटाघाटी चालू होत्या. देशाच्या आतून पकडलेल्यांसाठी 16,500 पेक्षा जास्त बेड वापरू नयेत, अशी मर्यादा डेमोक्रॅटिक पक्षाने मागितली. ती टिकली नाही. शेवटी 45 हजारांच्या वर बेडचे पैसे मंजूर झाले. प्रशासनाने त्याच उन्हाळ्यात त्याहीपेक्षा जास्त, 50 हजारांहून अधिक माणसं कोंडली. जास्तीचे पैसे आले कुठून? होमलँड सिक्युरिटी खात्याने आपल्याच इतर विभागांतून 27 कोटी 10 लाख डॉलर वळवले, त्यातले 15 कोटी 50 लाख डॉलर आपत्तीग्रस्तांसाठीच्या निधीतून. ऑगस्टचा महिना होता, चक्रीवादळांचा हंगाम. काँग्रेसने नाही म्हटलेलं असताना खातं आतल्या आत पैसे फिरवून मोकळं झालं. म्हणून नुसता आकडा कमी करून भागत नाही. 'दुसरीकडून वळवता येणार नाही' ही अट सोबत नसेल, तर कपात कागदावर राहते.

2025 मध्ये सगळं चित्रच पालटलं. 4 जुलैला सही झालेल्या 'वन बिग ब्यूटिफुल बिल' या कायद्याने नेहमीच्या वार्षिक निधीबाहेर एक वेगळी रक्कम दिली: डिटेन्शनसाठी 45 अब्ज डॉलर, आईसच्या माणसांसाठी आणि हकालपट्टीच्या कामासाठी आणखी जवळपास 30 अब्ज, भिंतीसाठी 46.5 अब्ज. इमिग्रेशन आणि सीमा मिळून बेरीज सुमारे 170 अब्ज. हे पैसे सप्टेंबर 2029 पर्यंत वापरता येतात. अंदाज यावा म्हणून सांगतो: फक्त डिटेन्शनचे 45 अब्ज डॉलर रुपयांत मांडले, तर महाराष्ट्र सरकारच्या 2025-26 च्या संपूर्ण अर्थसंकल्पाच्या निम्म्याहून जास्त होतात. आईसचा त्याआधीचा वर्षाचा सगळा निधी 10 अब्जांच्या आसपास होता. हा कायदा 'रिकन्सिलिएशन' नावाच्या खास मार्गाने आला, त्यात 60 मतांची गरज नसते. सिनेटमध्ये 50-50 झालं आणि उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांच्या मताने तो मंजूर झाला.

याचा परिणाम असा, की घरातल्यांनी महिन्याचा खर्च बंद केला तरी मुलाच्या नावावर मोठी मुदत ठेव आहे आणि तो ती हवी तेव्हा मोडू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2025 मध्ये 43 दिवस सरकार बंद होतं, लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले. आईसच्या धाडी चालूच राहिल्या. जानेवारी 2026 मध्ये मिनिअ‍ॅपोलिसमध्ये संघीय इमिग्रेशन अधिकाऱ्यांच्या गोळ्यांनी दोन अमेरिकी नागरिकांचा जीव गेला. त्यानंतर सिनेटमधल्या डेमोक्रॅटिक सदस्यांनी अटी घातल्या, की चेहरे झाकू नका, अंगावर कॅमेरे लावा, न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय घरात घुसू नका. नाहीतर होमलँड सिक्युरिटीच्या वार्षिक निधीला मत नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर त्या खात्याचा निधी खंडितही झाला. पण याच खात्यात विमानतळावरचे तपासनीस, तटरक्षक दल आणि आपत्ती निवारणवालेही येतात. वार्षिक निधी अडवला की त्याचा चटका आईसच्या आधी त्यांना बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती बातम्यांत सहसा हरवते. वार्षिक निधीसोबत अटी येतात. गेली काही वर्षं त्यात एक अट आहे: खासदार डिटेन्शन सेंटर पाहायला आले, तर त्यांना अडवण्यासाठी या कायद्यातला पैसा वापरता येणार नाही. पूर्वकल्पना देण्याची सक्तीही त्यांच्यावर नाही. 2025 मध्ये खात्याने सात दिवस आधी कळवण्याचा नियम लागू केला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने तो रोखला. जानेवारी 2026 मध्ये खात्याने तोच नियम परत आणला, यावेळी असं सांगून, की याची अंमलबजावणी आम्ही 2025 च्या कायद्याच्या पैशातून करतो आणि त्या पैशाला ती अट लागू नाही. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेलं. बिनअटीच्या पैशाने काय होतं, ते यातून दिसतं. पैसा वाढला एवढंच झालं नाही, लोकप्रतिनिधीला दार उघडून आत बघण्याचा जो हक्क होता, तोही या पैशाच्या जोरावर नाकारला गेला.

मग कात्री कुठे लावायची?

माझं मत सरळ आहे. 2025 च्या कायद्यातले जे पैसे अजून कुणाला देऊ केलेले नाहीत, ते कायद्याने परत घ्यायला हवेत. याला तिथे 'रिसिजन' म्हणतात. ठाणेदारांच्या विधेयकातही न वापरलेला निधी काढून घेण्याचा भाग आहे. सध्याच्या काँग्रेसमध्ये ते मंजूर होण्याची शक्यता नाही, हे त्यांनाही ठाऊक असणार. पण यंत्रणा बरखास्त करण्याच्या घोषणेपेक्षा पैसे परत घेण्याचं हे कलम मला जास्त मोलाचं वाटतं. यंत्रणेचं नाव बदलून तेच काम दुसऱ्या खात्याकडे देता येतं. टेक्ससमध्ये फोर्ट ब्लिस या लष्करी तळावर 2025 मध्ये हजारोंच्या क्षमतेची तंबूंची छावणी उभी राहिली, तिचा कंत्राट-व्यवहार संरक्षण खात्यामार्फत झाला. 5 फेब्रुवारी 2025 ला 104 भारतीयांना, त्यातल्या बहुतेकांना हातापायांत बेड्या घालून, अमृतसरला आणलं, त्यात महाराष्ट्राचेही तीन जण होते. ते विमान अमेरिकी हवाई दलाचं होतं. बेड्यांची ही पद्धत 2012 पासूनची आहे, असं परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं होतं. अध्यक्ष कुठल्याही पक्षाचा असो, यंत्रणा तीच चालत आलेली आहे.

राज्यांनीही आपापल्या परीने प्रयत्न केले आहेत. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये खासगी डिटेन्शन सेंटरवर बंदी घातली. संघीय सरकारच्या कामात राज्याला असा अडथळा आणता येत नाही, असं अपील न्यायालयाने ठरवलं. इलिनॉयने दुसरी वाट धरली, आपल्या काउंट्यांना आईसशी करार करायला मनाई केली, आणि ते न्यायालयात टिकलं. न्यू जर्सीत एसेक्स काउंटीने 2021 मध्ये आपल्या तुरुंगातला करार संपवला. तेव्हा आनंद झाला, पण आतली सगळी माणसं घरी गेली नाहीत. काहींना दूरच्या राज्यांत हलवलं, जिथे वकील आणि नातेवाईक पोहोचणं अवघड. एका ठिकाणचे बेड कमी केले आणि देशभराचा एकूण आकडा तोच ठेवला, तर असं होणारच.

विरोधात जे सांगितलं जातं, तेही नीट ऐकायला हवं. पहिला मुद्दा कायद्याचा. 1996 च्या कायद्याने काही लोकांना कोठडीत ठेवणं सक्तीचं केलं आहे, आणि जानेवारी 2025 च्या लेकन रायली कायद्याने त्यात नुसता चोरीचा आरोप असलेले लोकही आले. एका कायद्याने कोंडायला सांगायचं आणि दुसऱ्याने पैसे काढून घ्यायचे, हे विसंगत आहे. बरोबर आहे, म्हणून सक्तीची कोठडी सैल करणाऱ्या कायद्याची जोड लागेल. खासदार प्रमिला जयपाल यांनी असं विधेयक अनेकदा मांडलं आहे. पण आज आत असलेले सगळेच सक्तीच्या कलमाखाली येत नाहीत. जुलै 2025 पासून प्रशासनाने जुन्या कलमांचा नवा अर्थ लावून, वर्षानुवर्षं देशात राहणाऱ्या पण परवानगीशिवाय सीमा ओलांडलेल्या माणसांचा जामिनाचा हक्कच नाकारला. त्याविरुद्ध जिल्हा न्यायालयांत हजारो अर्ज पडले आहेत.

दुसरा मुद्दा: सोडलं तर पळून जातील. याचं उत्तर अंदाजाने द्यावं लागत नाही. 2016 मध्ये आईसनेच आसरा मागणाऱ्या कुटुंबांसाठी एक कार्यक्रम चालवला. प्रत्येक कुटुंबाला एक समाजसेवक, जो तारखा समजावून सांगेल, वकील शोधायला मदत करेल, मुलांची शाळा बघेल. 99 टक्के कुटुंबांनी हजेरी आणि तारखा पाळल्या. रोजचा खर्च कुटुंबामागे सुमारे 36 डॉलर. कोठडीत एका माणसाचा रोजचा खर्च 150 डॉलरच्या घरात जातो. जून 2017 मध्ये हा कार्यक्रम बंद केला गेला. आज पर्याय म्हणून जे आहे ते मुख्यतः फोनवरचं अ‍ॅप आणि पायातला ट्रॅकर. तेही चालवते जिओ ग्रुपचीच एक उपकंपनी. समाजसेवकाच्या जागी ट्रॅकर आणणं ही माझ्या मते फार वाईट अदलाबदल होती.

कात्री नको तिथे मात्र ती चालवून झाली आहे. मार्च 2025 मध्ये होमलँड सिक्युरिटी खात्याने आपलं नागरी हक्क कार्यालय आणि डिटेन्शनच्या तक्रारी पाहणारं लोकपाल कार्यालय जवळजवळ रिकामं केलं. आत कुणाला औषध मिळालं नाही, मारहाण झाली, तर जिथे लिहायचं ती ही कार्यालयं. इमिग्रेशन न्यायालयांत 30 लाखांहून जास्त प्रकरणं तुंबली आहेत, आणि ज्या कायद्याने बेडसाठी 45 अब्ज दिले, त्याच कायद्याने न्यायाधीशांची संख्या 800 च्या वर जाऊ नये, अशी मर्यादा घातली. सुनावणी लांबली की माणूस बेडवर जास्त दिवस राहतो, आणि बेडचं बिल रोज फाटतं. ज्यांना खरोखर खर्च कमी करायचा आहे, त्यांनी न्यायाधीश, दुभाषे आणि वकील यांच्यासाठी पैसे वाढवून मागायला हवेत. ही मागणी 'निधी थांबवा'च्या फलकावर मावत नाही, म्हणून ती मागे पडते. पडू नये.

राहता राहिली वेळ. रिसिजनने फक्त तोच पैसा परत येतो, जो अजून करारात अडकलेला नाही. 2026 च्या सुरुवातीला आईस मोठाली गोदामं विकत घेऊन त्यांची डिटेन्शन सेंटरं करायच्या मागे लागली, आणि अशा एकेका सहीने त्या 45 अब्जांतला मोठा हिस्सा हाताबाहेर जातो. नोव्हेंबर 2026 मध्ये काँग्रेसची निवडणूक आहे. नवी काँग्रेस जानेवारी 2027 मध्ये बसेल, आणि बहुमत बदललं तरी पैसे परत घेण्याच्या कायद्यावर सही अध्यक्षांचीच लागेल. म्हणून तुमच्या भागातल्या खासदाराच्या कार्यालयात फोन केलात, तर 'तुम्ही आईसच्या बाजूने की विरोधात' असं विचारू नका. 2025 च्या रकमेतलं किती उरलं आहे, ते परत घेण्याला तुम्ही मत द्याल का, आणि आपल्या जिल्ह्यात कुठली इमारत घेतली जाते आहे, हे तीन प्रश्न विचारा. फोन उचलणारा कर्मचारी ते लिहून घेतो.